नमुना शेजारी

लिमयेबाई कधी रागावत नसत. रागावलेलं माणूस तासाभरात निवळतं आणि वर चहा मागतं, असं त्यांचं म्हणणं. त्या डूख धरत. शांतपणे, तब्येतीत, आणि एकदा धरला की सोडत नसत.

हे मला त्यांच्या समोर राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं. आम्ही वाशीमकडचे. मी संगणकाच्या कंपनीत नोकरीला लागलो होतो, नुकतंच लग्न झालं होतं, आणि आमच्यासारखी कितीतरी जोडपी तेव्हा सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला फ्लॅट शोधत हिंडत होती. धायरीला तेव्हा अजून गावच म्हणत. ज्वारीच्या रानांत इमारती उगवत होत्या. त्यातल्याच 'हिरवाई' नावाच्या सोसायटीत आम्ही आलो. समोरच्या दारावर पितळी पाटी होती, 'प्रा. सौ. प्रमिला लिमये, प्राणिशास्त्र'. आणि खाली बारीक अक्षरात, 'श्री. लिमये हेही येथेच राहतात'.

वरच्या मजल्यांवर रतीब घालणारा एक दूधवाला रोज सकाळी त्या दारावरून जायचा. बाई दार उघडून, हातात रिकामं पातेलं घेऊन उभ्या असायच्या. तो बिचारा थबकायचा. बाई म्हणायच्या, "आजही नको." आणि दार लावून घ्यायच्या. रोज.

माझ्या बायकोला, वंदनाला, राहवलं नाही. तिनं विचारलं, "बाई, घ्यायचं नसतं तर मग पातेलं कशाला?"

"त्यानं मला एकदा पाणी घातलेलं दूध दिलं. विचारलं तर म्हणतो, म्हशीनंच पातळ दिलं. मी जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं आणि हा मला म्हैस शिकवतो."

"कधीची गोष्ट आहे?"

"तुमचं लग्न व्हायच्या आधीची," बाई म्हणाल्या.

कर्वेनगरच्या एका कॉलेजात त्या शिकवायच्या. आम्ही गेलो तेव्हा नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. ठेंगणी, काटक मूर्ती. केस घट्ट ओढून बांधलेले. डोळ्यांना सूक्ष्मदर्शकात बघायची इतकी सवय की समोरच्या माणसाकडे बघतानाही एक डोळा किंचित बारीक व्हायचा. कॉलेजात विभागप्रमुखाची जागा त्यांची असताना प्राचार्यांनी ती दुसऱ्या कुणाला दिली होती. बाईंनी तक्रार केली नाही, अर्ज केला नाही. फक्त त्या दिवसापासून प्राचार्यांचं नाव तोंडातून काढलं नाही. पुढे प्राचार्यांच्या निरोपसमारंभात कुणीतरी भाबडेपणानं बाईंना बोलायला उभं केलं. बाई पट्टकृमीवर बोलल्या. त्याला तोंड नसतं, पोट नसतं, स्वतःचं काहीही कर्तृत्व नसतं, तरी तो दुसऱ्याच्या आतड्यात किती मानानं राहतो आणि किती लांब होतो, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. "निसर्गात अशा जीवांचाही सन्मान होतो," म्हणाल्या आणि खाली बसल्या. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणालाच कळेना.

ही गोष्ट मला त्यांच्या यजमानांनी सांगितली. अप्पा लिमये टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. बाईंच्या नेमके उलटे. सांगताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग म्हणाले, "माझ्यावर मात्र हिनं आजवर डूख धरलेला नाही. मी तशी संधीच दिली नाही. घाबरतो ना."

पण बाई त्यांच्याकडे बघायच्या तेव्हा तो बारीक होणारा डोळा बारीक होत नसे, हे आम्ही दोघांनीही पाहिलं होतं.

सोसायटीच्या मागे, आमची इमारत आणि टेकडीचा उतार यांच्या मधे, जमिनीचा एक लांबट पट्टा होता. माहितीपत्रकात तिथे बाग होती, कारंजं होतं, बाकावर बसलेलं एक गोरं जोडपं होतं. प्रत्यक्षात तिथे बांधकामाचा राडारोडा, फुटक्या फरशा, कमरेएवढं गवत आणि घाणेरीची झुडपं. उंदीर तर दिवसाढवळ्या फिरायचे. बिल्डर धायरीचाच होता, संपतशेठ. स्वतःच्या वडिलोपार्जित रानावर इमारती उठवून मोठा झालेला. बिल्डर म्हटल्यावर जो माणूस डोळ्यांसमोर येतो तसा तो अजिबात नव्हता. आवाज मऊ, पायात साध्या चपला, खिशात वेलदोडे. येईल त्याच्या हातावर आधी वेलदोडा ठेवायचा. आणि नाही हा शब्द त्याच्याकडे नव्हताच.

"संपतशेठ, तो मागचा पट्टा साफ करून द्या."

"करू की, बाई."

"गेल्या दिवाळीला म्हणाला होतात."

"व्हय, ध्यानात हाय. करू की."

"उंदीर झालेत. साप येतील त्यांच्यामागे."

"येऊ द्या की, उंदीर खाऊन जातील." आणि हसून, "मस्करी केली. करू की."

भांडणाऱ्या माणसाशी बाईंना भांडता आलं असतं. या 'करू की'शी त्यांना कुठे हात घालावा कळत नसे. घरी येऊन मला म्हणायच्या, "गावंडे, हा मनुष्य कापसासारखा आहे. सुरी घातली तरी आवाज येत नाही."

त्या पट्ट्यावर खरं प्रेम एकट्या अप्पांचं. गणपती जवळ आले की ते सकाळी सतरंजीचा तुकडा घेऊन तिथे जायचे, पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेऊन गवतात बसायचे आणि दूर्वा खुडायचे. साऱ्या सोसायटीच्या गणपतींना दूर्वा अप्पांच्या. कोवळ्या, तीन पानांच्या, एकसारख्या जुड्या बांधून ते घरोघर पोचवायचे. बाजारातल्या दूर्वांत नुसतं गवत असतं, म्हणायचे. बाई गॅलरीतून ओरडायच्या, "अहो, चावेल काहीतरी!" अप्पा हात वर करून म्हणायचे, "तुझे विद्यार्थीच आहेत सगळे. तुझं नाव सांगतो त्यांना."

त्या वर्षी गणपती बसले आणि अप्पांना ताप भरला.

डोकं फुटेल असं दुखायचं. अंग मोडून आलं होतं. आजूबाजूला डेंगीची साथ होती, म्हणून सगळ्यांनी डेंगीच धरला. वंदना पपईच्या पानांचा रस काढून नेऊन द्यायची. ताप उतरेना, तेव्हा दवाखान्यात ठेवलं. तिथेही रक्तातल्या पेशी कमी दिसल्या, सलाइन लावलं, औषधं बदलली. मग धाप लागायला लागली. मग लघवी थांबली. मी ऑफिसातून परस्पर दवाखान्यात जायचो. बाई खुर्चीत ताठ बसलेल्या असायच्या. शेवटी शेवटी अप्पा भ्रमात टेलिफोनवर बोलत होते, कुणाला तरी कुठलीशी लाइन जोडून देत होते. जोडता जोडताच गेले.

बाई रडल्या नाहीत. मला वाटलं, त्यांना अजून कुणावर डूख धरायचा ते सापडलेलं नाही.

ते सापडलं दिवस झाल्यानंतर. सलमा नावाची त्यांची एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. ती एका मोठ्या प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होती. आम्ही दोघं तिथेच होतो. सलमानं अप्पांचा आजार पहिल्यापासून विचारला. ऐकता ऐकता ती जरा अडखळत म्हणाली, "बाई, सरांच्या अंगावर कुठे काळी खपली होती का? सिगरेटचा चटका बसल्यासारखी? भोवती लाल कडं?"

बाईंचा हात आपसूक स्वतःच्या कमरेकडे गेला.

"होती," त्या म्हणाल्या. "कमरेशी. मला वाटलं नाडीची गाठ काचली. मी हळद लावली."

अप्पांच्या रक्ताचा नमुना तपासणीला गेला होता त्यातला थोडा शिल्लक होता. सलमानं तो मिळवला, तपासला आणि स्वतः सांगायला आली. स्क्रब टायफस. उंदरांवर जगणारा, डोळ्याला जेमतेम दिसेल असा एक किडा, कोळ्यांच्या गोत्रातला. त्याची पिल्लं गवताच्या टोकावर बसून राहतात, माणूस आला की अंगावर चढतात, मऊ जागा बघून चावतात. चावल्याचं कळतही नाही. त्या किड्याच्या लाळेतले जिवाणू रक्तात उतरतात. ती हे आम्हाला समजावून सांगत होती, कारण बाईंना सांगायची गरज नव्हती. हा किडा त्यांनी जन्मभर फळ्यावर काढून शिकवला होता.

"औषध?" बाईंनी विचारलं.

"असतं."

"कुठलं?"

सलमाला सांगवेना. "बाई, साधंच असतं. डॉक्सीच्या गोळ्या. लवकर दिल्या तर दोन दिवसांत ताप उतरतो."

"किती साध्या?"

"मुलांना तोंडावरच्या पुटकुळ्यांना देतात ना, त्याच."

बाई उठल्या. आत जाऊन अप्पांचा फोटो सरळ होता तो उगीचच परत सरळ केला. मग बाहेर येऊन सलमाला म्हणाल्या, "तू आलीस, बरं केलंस. चहा घेऊन जा." आणि मला म्हणाल्या, "गावंडे, उंदराचे पिंजरे चांगले कुठे मिळतात?"

पुढचे काही दिवस आमच्या मजल्यावर पावभाजीपेक्षा क्लोरोफॉर्मचा वास जास्त येत होता. बाईंनी मागच्या पट्ट्यात पिंजरे लावले. सकाळी हातमोजे, पायात गमबूट, साडीचा काचा मारलेला, अंगाला कसलंसं औषध चोपडलेलं, अशा त्या पिंजरे उचलून आणायच्या. गॅलरीत टेबल मांडलं होतं. उंदीर गुंगवून त्याच्या कानाच्या पाळीत चिमट्यानं शोधायच्या. तिथे शेंदरी रंगाचे बारीक ठिपके दाटीवाटीनं बसलेले असत. ते काचेवर घ्यायचे, जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे. हा सूक्ष्मदर्शक कॉलेजनं भंगारात काढला तेव्हा त्या घरी घेऊन आल्या होत्या.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी येऊन विनंती केली, "बाई, लोक तक्रार करताहेत. घरात उंदीर आणताय."

"घरात नाही हो, मी त्यांना फक्त इथपर्यंत आणते. तुमच्याकडे ते आपले आपण येतात."

"अप्पांचं फार वाईट झालं. पण आता काय, नशिबाचा भाग."

बाईंचा डोळा बारीक झाला. "नशिबाला आठ पाय असतात, सेक्रेटरी. पिल्लाला सहा. दाखवू?"

सेक्रेटरी जिना उतरून गेले.

दसऱ्याला संपतशेठच्या दुसऱ्या योजनेचं उद्घाटन होतं. पलीकडच्याच उतारावर 'हिरवाई दोन'. मांडव, सनई, केळीचे खांब, सजवलेला नमुना फ्लॅट. आयटीतली जोडपी मोटारी घेऊन येत होती, बँकांचे लोक टेबलं मांडून बसले होते. मीही कुतूहलानं गेलो होतो. फाटकाबाहेर, सार्वजनिक रस्त्यावर, बाई बसल्या होत्या. अंगावर मोरपंखी पैठणी, केसांत गजरा नव्हता तेवढाच. पुढ्यात घडीचं टेबल, त्यावर पांढरी चादर, चादरीवर सूक्ष्मदर्शक. बाजूला अप्पांचा फोटो, हार घातलेला.

"नमुना फ्लॅट बघून झाला?" बाई बाहेर पडणाऱ्या प्रत्येक जोडप्याला विचारायच्या. "आता नमुना शेजारी बघा. या ना. फुकट आहे."

लोक वाकून बघायचे. "ई! काय आहे हे?"

"हे इथले मूळ रहिवासी. हे चावले की कळत नाही. मग ताप येतो. अंगावर काळी खपली असते, काखेत, जांघेत, कमरेशी. ती शोधायची आणि डॉक्टरला आपणहून दाखवायची. नाही शोधली तर," त्या फोटोकडे हात करायच्या, "हे आमचे यजमान."

एक तरुण मुलगी, बहुधा नवीनच लग्न झालेली, म्हणाली, "सो सॉरी आंटी. पण असं फंक्शनच्या बाहेर बसणं जरा निगेटिव्ह वाटतं."

"वाटायलाच हवं. त्यासाठीच बसलेय."

संपतशेठची माणसं टेबल उचलायला आली. बाई हलल्या नाहीत. "हात लावा. वरच्या दोन काचांखालचे मेलेत, डबीतले जिवंत आहेत." माणसं मागे सरली. मग संपतशेठ स्वतः आला. मऊ आवाजात म्हणाला, "बाई, सणाचा दिवस हाय. सोन्यासारखं वागू. उद्याच्याला पट्टा साफ करून देतो. आईची आन."

"आता कशाला?" बाई म्हणाल्या. "आता ज्यांना बसायचं होतं ते गेले."

त्या दिवशी बरीच जोडपी बँकेच्या टेबलाकडे न जाता मोटारीकडे गेली. आणि बाई तिथे थांबल्या नाहीत. संपतशेठची कर्वेनगरला एक इमारत उभी राहत होती, बिबवेवाडीला एक. सुट्टीच्या दिवशी, जेव्हा लोक फ्लॅट बघायला निघतात, बाई पीएमटीच्या बसनं तिथे पोचायच्या. टेबल, चादर, फोटो. कर्वेनगरला तर त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीच नवऱ्यांना घेऊन फ्लॅट बघायला यायच्या आणि बाईंना वाकून नमस्कार करून परत जायच्या.

मी एकदा धीर करून म्हटलं, "बाई, बिबवेवाडीच्या त्या जागेत गवत नाही, टेकडी नाही. तिथे हा किडा कुठून येणार?"

"नाही येणार."

"मग?"

"संपतशेठ येतो ना तिथे."

खरं सांगायचं तर मला त्यांची भीती वाटायला लागली होती. संपतशेठ लबाड होता, आळशी होता, पण त्यानं काही अप्पांना ढकलून दिलं नव्हतं. हे मी वंदनाजवळ बोललो. ती म्हणाली, "तू हे बाईंना सांग." मी नाही सांगितलं.

दिवाळीच्या सुमारास संपतशेठ बाईंच्या घरी आला. दार उघडं होतं, आम्हाला सगळं ऐकू येत होतं. त्यानं मिठाईचा पुडा टेबलावर ठेवला आणि हात जोडले.

"बाई, मी आडाणी माणूस. माज्याच्यानं चूक झाली. पट्टा मी सवता उभं राहून साफ करून घेतोय. तिथं बाग करतो. अप्पांच्या नावानं. कमान उभी करतो, दगडी."

"कमानीवर काय लिहाल?"

"तुमी म्हणाल ते. कैलासवासी अप्पासाहेब लिमये उद्यान."

"कैलासवासी नको. 'आम्ही मारलेले अप्पा लिमये', असं लिहा."

"करू की, बाई," संपतशेठ म्हणाला.

म्हणाला आणि मग त्याला स्वतःचं बोलणं ऐकू आलं. माणसाच्या तोंडावरचा रंग उतरताना मी तेव्हा पाहिला. बाई हसल्या. अप्पा गेल्यापासून पहिल्यांदा. ते हसणं ऐकून वंदनानं आमचं दार लोटून घेतलं.

पण पट्टा त्यानं खरोखर साफ करायला घेतला. जेसीबी आला, माणसं आली. त्याच्या बायकोनं घरी चांगलंच फैलावर घेतलं असावं, कारण तो दिवस दिवस स्वतः तिथे उभा राहायचा. दमला की गवताच्या ढिगावर पंचा टाकून बसायचा, धोतर मांडीपर्यंत वर. बाई गॅलरीतून बघत असायच्या. गमबूट घाला, गवतात बसू नका, हे त्यांनी कामगारांना खाली जाऊन बजावलं, अंगाला लावायचं औषधही दिलं. संपतशेठला काही सांगितलं नाही. तो बसला की त्या बघत राहायच्या. मीही ते पाहिलं.

पट्टा साफ झाल्यावर काही दिवसांनी, भर दुपारी, संपतशेठची बायको जिना चढून आली. रविवार होता. मंगलताई, धायरीच्या बाजूच्याच गावची, हातभर हिरव्या बांगड्या, धापा टाकत होती. बाईंच्या दारात उभी राहून तिनं आत पाऊल टाकलं नाही.

"बाई, ह्यांना ताप हाय. आठवडा झाला. दवाखान्यात डेंगी म्हनत्यात. वाचा गेल्यावानी पडल्यात."

बाईंचा हात दाराच्या कडीवर होता.

"तुमी दसऱ्याला मांडवाच्या बाहेर बसून खपली खपली म्हनत हुता. म्या ऐकलं हुतं. तवा लई शिव्या दिल्या तुमाला." तिला रडू फुटलं. "काल अंग पुसताना म्या बघितलं. मांडीला हाय. काळी. बाजूनं लाल. डाकटरला दावलं तर म्हनला, गळू आसंल. बाई, हीच का ती?"

मी माझ्या दारात होतो. बाईंचा चेहरा मला दिसत होता. तो मी जन्मात विसरणार नाही. त्यावर दया नव्हती. भुकेल्या माणसासमोर ताट आलं आणि कुणी म्हणालं की हे उचलून दुसऱ्याला दे, तसं काहीतरी होतं. त्या नुसत्या उभ्या होत्या. मला वाटलं, आता या दार लावून घेणार.

"हीच ती," बाई म्हणाल्या. "गावंडे, गाडी काढा."

दवाखान्यात बाईंनी तिथल्या तरुण डॉक्टरशी वाद घातला नाही. सलमाला फोन लावून त्याच्या हातात दिला. ती काय बोलली ते आम्हाला कळलं नाही, पण डॉक्टर आत गेला, पांघरूण काढून नीट बघून आला, आणि औषध बदललं. दुसऱ्या दिवशी ताप उतरणीला लागला. तिसऱ्या दिवशी संपतशेठनं पेज मागितली.

त्यानंतर बाई त्याला भेटायला गेल्या. त्यांना घेऊन गेलो होतो म्हणून मी होतो. संपतशेठ उशीला टेकून बसला होता, निम्मा झालेला. बाईंना बघून त्यानं हात जोडले आणि डोळे भरून आले.

"बाई, तुमच्यामुळं जगलो."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. खुर्ची ओढून त्याच्या अगदी जवळ बसल्या. "किती गोळ्या घेतल्यात?"

"न्हाय ध्यानात. थोड्याच. सकाळ-संध्याकाळ."

"कडू होत्या?"

"न्हाय."

"त्रास झाला काही?"

"कायबी न्हाय."

"एवढंच होतं," बाई म्हणाल्या. "एवढंच करायचं होतं. तुमच्या बायकोनं एकदा रस्त्यावर ऐकलं आणि तिला खपली ओळखू आली. मी जन्मभर शिकवत होते. मी त्यावर हळद लावली." त्या थांबल्या. "हे मी कुणाजवळ बोलत नाही. तुमच्याजवळ बोलतेय, कारण तुम्हाला आता हे घेऊन जगायचंय. मला एकटीला फार होतं."

संपतशेठ लहान मुलासारखा रडला. बाईंनी त्याला रडू दिलं. पाणी दिलं नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. पुरेसा रडला असं वाटल्यावर उठल्या.

सूक्ष्मदर्शकाचं टेबल त्यानंतर त्यांनी कुठे मांडलं नाही. मी म्हटलं, संपलं एकदाचं. बाईंच्या बाबतीत असा समज करून घेणं हा माझा भाबडेपणा होता.

पुढे मला कंपनीनं परदेशी पाठवलं, परत आल्यावर आम्ही बिबवेवाडीला मोठं घर घेतलं, धायरी सुटली. मधे बरीच वर्षं गेली. एका सकाळी सिंहगड रस्त्यावर बसथांब्यावर बाई दिसल्या. पाठ वाकली होती, केस पांढरे झाले होते, पण साडी भरजरी. मी गाडी थांबवली. त्या बसल्या.

"कुठे सोडू?"

"मंगल कार्यालयात. संपतशेठच्या धाकट्या मुलीचं लग्न आहे."

मी त्यांच्याकडे बघितलं. "तुम्ही जाता?"

"प्रत्येक कार्याला. बारसं, साखरपुडा, वास्तुशांत. मंगल स्वतः बोलवायला येते. तिला वाटतं मी घरातली आहे."

"आणि संपतशेठला?"

"त्याला माहीत आहे," बाई म्हणाल्या आणि खिडकीची काच खाली केली.

कार्यालयाच्या दारात त्यांनी मला आग्रहानं आत नेलं. मंगलताईनं धावत येऊन त्यांना मिठी मारली आणि सगळ्यात पुढच्या ओळीत, अगदी मधोमध, खुर्ची दिली. नवरी वाकली तेव्हा बाईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत घेतला, पुटपुटत काहीतरी आशीर्वाद दिला. तो खरा होता, मी शपथेवर सांगेन. मंगलाष्टकं झाली, बाईंनी मूठभरून अक्षता टाकल्या.

मग जेवणं सुरू झाली. संपतशेठ फेटा बांधून पाहुण्यांत फिरत होता. आता अगदी म्हातारा दिसत होता. आम्ही बसलो होतो तिथे येऊन तो थांबला. हातात बाईंसाठी स्वतः वाढून आणलेलं ताट होतं. जिलबी, मठ्ठा, सगळं.

"बाई, दोन घास घ्या."

"तुमचं झालं?" बाईंनी विचारलं.

"न्हाय, माजं मागनं."

"असं कसं? मुलीचे वडील तुम्ही. बसा. ते ताट तुम्हीच घ्या."

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं. मग समोरची खुर्ची ओढली, ताट मांडीवर घेतलं आणि बसला. बाईंनी पदर सारखा केला, हातांची घडी मांडीवर ठेवली आणि एक डोळा किंचित बारीक करून त्याच्याकडे बघू लागल्या. सनई चालू होती. संपतशेठनं मान खाली घातली, जिलबीचा तुकडा मोडला आणि सावकाश चावायला लागला.

"जेवा," बाई म्हणाल्या. "सावकाश जेवा. मी बसलेय."